उत्सवी नाटकांचा इतिहास आणि एक बिघडलेला डेटाबेस: फोंड्यातलं एक प्रकरण

फोंडा तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात, गेली काही वर्षं आपल्या गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकांचा इतिहास लिहितायत. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. इकडे देवळाच्या उत्सवात गावातल्याच हौशी मंडळींनी मराठी नाटक करायची जुनी रीत आहे, म्हणजे बोलणं घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी, आणि ही रीत १९६१ च्या मुक्तीच्या कितीतरी आधीपासूनची. कुठल्या वर्षी कुठलं नाटक, कोणी काय काम केलं, स्त्रीपार्टी कोणाकडे होती, पडदा कोणी रंगवला, खर्च किती आला, हे सगळं सरांनी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारून घेतलंय, आणि त्यातली बरीच माणसं आता नाहीत. हे मुद्दाम सांगतेय कारण हा मजकूर परत गोळा करता येणारा नाही. गेलं तर गेलंच.

हे सगळं त्यांनी लिहिलं एका नोट्सच्या ॲपमध्ये. भाच्याने बसवून दिलं होतं, तो बेंगळुरूला असतो. ॲप तसं चांगलं, नाव घेत नाही कारण जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये होऊ शकलं असतं. सहाशेच्या आसपास नोट्स होत्या, टॅग होते, नटाच्या नावावर क्लिक केलं की त्याची सगळी वर्षं समोर यायची. सरांना ते फार आवडायचं. आणि 'बॅकअप राहू दे' म्हणून भाच्याने ॲपचा डेटा फोल्डर क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवला, मग तेच ॲप गावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरही टाकलं, म्हणजे सर घरी लॅपटॉपवर लिहिणार आणि वाचनालयात तिथल्या मशीनवर, दोन्हीकडे तेच दिसणार. ऐकायला सगळं व्यवस्थित.

पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती त्यामुळे तो पटकन बंद पडला. लाईट आल्यावर सुरू केला, ॲप उघडलं, आणि समोर 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', म्हणजे मजकूर ठेवलेली फाईल बिघडलीये असा संदेश. मी फोंड्यात डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पुस्तकांची पानं लावायचं, काम करते आणि त्याआधी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये होते, सरांची दोन पुस्तकं मीच लावलीयेत, म्हणून फोन मला आला. 'बाये, म्हजें सगळें बरयल्लें गेलें गो,' एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सर, तुम्ही आता काहीही उघडू नका, नेट बंद करा, ॲप परत परत सुरू करून बघू नका, वाचनालयातलं मशीनही कोणाला हात लावू देऊ नका, मी येते.

पुढचं कळायला आधी ही ॲप्स लिहिलेलं ठेवतात कुठे ते बघायला लागतं.

लिहायची सॉफ्टवेअर्स ढोबळमानाने दोन प्रकारे मजकूर ठेवतात. एक म्हणजे फायली. वर्डची डॉक्स फाईल प्रत्यक्षात झिप असते, आत एक्सएमएल फायली, वर्ड २००७ पासून हेच चालत आलंय. ऑब्सिडियन तर साधं फोल्डर घेतं आणि प्रत्येक नोट एक डॉट एमडी टेक्स्ट फाईल, नोटपॅडमध्येही उघडते. स्क्रिव्हनरमध्ये मॅकवर प्रोजेक्ट एकच फाईल दिसते पण ते असतं फोल्डर, आत प्रत्येक प्रकरणाची वेगळी आरटीएफ प्रकारची मजकुराची फाईल आणि कुठलं कुठल्या क्रमाने याची एक यादी. दुसरा प्रकार म्हणजे डेटाबेस, सगळ्या नोट्स एकाच मोठ्या फाईलमध्ये, आणि ती बहुतेक वेळा एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेस सॉफ्टवेअरची असते. ॲपल नोट्स तसंच, बेअर तसंच. जॉपलिन मशीनवर एसक्यूलाइट वापरतं पण सिंक करताना प्रत्येक नोटची वेगळी फाईल करून पाठवतं, आणि ही गोष्ट मला या प्रकरणानंतर फार शहाणपणाची वाटायला लागलीये, कारण चालू डेटाबेस फाईल उचलून इकडून तिकडे न्यायची वेळच येत नाही.

एसक्यूलाइटला मी नावं ठेवणार नाही. २००० साली डी. रिचर्ड हिप यांनी सुरू केलेली ही वस्तू आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये आहे, बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा शब्द दिलाय, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा जतन करायच्या पसंतीच्या फॉरमॅटमध्ये तिला घेतलंय. लाईट जाणं तर तिला किरकोळ. मधेच करंट गेला तरी अर्धवट लिहिलेलं टाकून देऊन आधीच्या नीट अवस्थेत परत यायचं हे तिच्या रचनेतच आहे. म्हणून गावात सगळे 'लाईट गेली म्हणून झालं' म्हणत होते तेव्हा मला ते पटत नव्हतं.

फोल्डर उघडला. लॅपटॉपवर डीबी फाईल म्हणजे मूळ डेटाबेस, तिच्याच नावाची शेवटी 'वॉल' असलेली दुसरी, 'एसएचएम'वाली तिसरी, जी वॉलची नुसती तात्पुरती सूची असते, आणि शेजारी एक चौथी, सिंकने बनवलेली 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी', म्हणजे दोन मशीनचं जुळलं नाही म्हणून बाजूला ठेवलेली प्रत, तिच्या नावात वाचनालयातल्या मशीनचं नाव. ही चौथी बघितली आणि काय झालं असेल याचा अंदाज आला.

वॉल म्हणजे काय ते सांगते. दुकानदार दिवसभराचं कच्च्या वहीत टिपतो आणि नंतर सावकाश खातेवहीत उतरवतो, तसं एसक्यूलाइट या पद्धतीत नवीन बदल आधी वॉल फाईलमध्ये लिहितं आणि नंतर मूळ डीबीत उतरवतं, एकतर वॉल हजारेक पानांची (पान म्हणजे फाईलचा ठरावीक आकाराचा तुकडा) झाली की किंवा ॲप नीट बंद केलं की. मधेच मशीन बंद पडलं तर पुढच्या वेळी उघडताना शेजारची वॉल बघून राहिलेलं उतरवून घेतं. म्हणजे ॲप चालू असताना तुमचं लिखाण दोन फायलींत मिळून असतं, एक उचलून दुसरी सोडली तर अर्धंच हातात येतं. आणि या दोघींची जोडी जुळते ती फक्त नावावरून. शेजारी त्या नावाची वॉल दिसली की ती आपलीच असं डेटाबेस धरून चालतो, ती दुसऱ्या मशीनवरून आलीये हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता सरांची सवय अशी की ते ॲप कधी बंदच करत नाहीत. घरी लॅपटॉपचं झाकण मिटायचं आणि वाचनालयात मॉनिटरचं बटण दाबायचं, झालं. त्यामुळे दोन्हीकडे डेटाबेस कायम उघडा. उघड्या फाईलवर विंडोज सिंकला नवीन कॉपी टाकू देत नाही, म्हणून दोन्ही मशीनवरच्या डेटाबेसच्या वाटा दोनेक आठवडे आधीच वेगळ्या झाल्या होत्या, सरांना पत्ताच नाही, कारण ॲपच्या कोपऱ्यात हिरवी टिकली दिसत होती. म्हणजे वाचनालयात लिहिलेलं घरी नाही आणि घरचं वाचनालयात नाही. सरांना एकदोनदा वाटलं होतं की हे मी तिकडे लिहिलं होतं, दिसत कसं नाही, पण नेट स्लो असेल म्हणून सोडून दिलं. लाईट गेली तेव्हा लॅपटॉपवरच्या फायलींचं कुलूप सुटलं. परत सुरू केल्यावर ॲपच्या आधी सिंकचा प्रोग्राम उठला, तो विंडोजबरोबरच सुरू होतो, आणि त्याने इतके दिवस अडकलेल्या फायली खाली आणल्या. वाचनालयाच्या डीबीला त्याने कॉन्फ्लिक्टेड कॉपी म्हणून बाजूला ठेवलं पण वाचनालयाची वॉल लॅपटॉपच्या वॉलच्या जागी नेऊन बसवली. मग सरांनी ॲप उघडलं, डेटाबेसने शेजारी वॉल बघितली, मशीन अचानक बंद पडलं होतं तर हे माझंच राहिलेलं काम असं समजून दुसऱ्याच डेटाबेसची पानं आपल्यात उतरवून घेतली. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कागदपत्रांत डेटाबेस कसा बिघडतो याची यादीच दिलेली आहे, त्यात डेटाबेस आणि त्याचा जर्नल, म्हणजे वॉलसारखी कच्ची वही, यांची ताटातूट किंवा चुकीची जोडी हे कारण स्पष्ट लिहिलंय. म्हणजे लाईट गेल्याने काहीच बिघडलं नाही, बिघडलं ते बॅकअप म्हणून केलेल्या सोयीमुळे.

मग वाचवायचं काम. आधी दोन्ही मशीनवरचे अख्खे फोल्डर, वॉल आणि एसएचएम सकट, पेनड्राइव्हवर घेतले आणि पुढचं सगळं त्यांच्या कॉपीवर केलं. मूळ फायलींना हात नाही लावायचा, कारण एसक्यूलाइटची फाईल नुसती उघडली तरी वॉल उतरवली जाऊ शकते. वाचनालयातली जोडी इंटेग्रिटी चेकमध्ये, म्हणजे डेटाबेस धड आहे का ते बघणाऱ्या तपासणीत, 'ओके' आली, अगदी निरोगी, फक्त घरी शेवटच्या दोनेक आठवड्यांत लिहिलेलं त्यात नव्हतं. क्लाउडच्या व्हर्जन हिस्टरीत लॅपटॉपच्या डीबीच्या जुन्या आवृत्त्याही मिळाल्या, सगळ्या चालू डेटाबेसच्या काढलेल्या, काही पास झाल्या काही नाही, जी सगळ्यात अलीकडची पास झाली तिने अंतर बरंच कमी केलं. उरलं ते लॅपटॉपच्या बिघडलेल्या फाईलमधून काढायचं होतं. एसक्यूलाइटच्या कमांड लाईनमध्ये रिकव्हर नावाची कमांड आहे, ती फाईलमधून जे वाचता येईल ते वाचून नवीन डेटाबेस बनवायला देते आणि ज्या ओळींचं घर सापडत नाही त्या 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या टेबलात टाकते.

इथे एक गोष्ट दिसली जी मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी असं मला वाटतं. छोट्या नोट्स जवळजवळ सगळ्या अख्ख्या आल्या. मोठ्या मुलाखती तुटल्या. कारण असं की एसक्यूलाइटची फाईल पानांमध्ये विभागलेली असते, साधारण ४०९६ बाइटचं एक पान, आणि नोट त्यात मावली नाही की उरलेला मजकूर वेगळ्या पानांवर जातो, प्रत्येक पानाच्या सुरुवातीला चार बाइटमध्ये पुढच्या पानाचा नंबर, अशी साखळी. आता देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा, म्हणजे एका पानात जेमतेम तेराशे चिन्हं. इंग्रजीत जी मुलाखत तीन-चार पानांवर बसेल ती मराठीत दहाच्या आसपास पानांवर पसरते, आणि साखळी जितकी लांब तितकी कुठेतरी तुटायची शक्यता जास्त.

तुटल्यावर दिसतं कसं तेही सांगते. एका जुन्या नटाची मुलाखत होती, तरुणपणी स्त्रीपार्टी करायचे, नऊवारी नेसून पहिल्यांदा उभे राहिले त्या रात्रीचं सांगत होते. 'पडदा वर गेला आणि समोर माझीच आई पहिल्या रांगेत बसलेली, मला तर' इथपर्यंत वाक्य येतं, मग काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह, कारण तीन बाइटपैकी एकच या बाजूला राहिला, आणि लगेच पुढे 'पेट्रोमॅक्सचं भाडं, मांडवाचे वासे, प्रॉम्प्टरसाठी चहा'. ती एका भलत्याच वर्षाच्या जमाखर्चाची नोट होती, वाचनालयात लिहिलेली, तिचं पान मुलाखतीच्या पानावर येऊन बसलेलं. सरांनी हे स्क्रीनवर वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी कच्ची फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाईलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून बघितली. देवनागरी तिथे ओळखू येते, ई० ए४, ई० ए५ अशा जोड्या सारख्या दिसत राहतात. मालक नसलेली पानं एकेक करून मजकुरात बदलून छापली आणि सरांसमोर ठेवली. हे काम मशीनचं नव्हतंच, कुठला तुकडा कुठल्या मुलाखतीचा हे ज्याने ती घेतली तोच सांगू शकतो. सर लाल पेन घेऊन बसले, 'हें शेवटाक वता, हें ताच्या फुडें,' असं करत त्यांनी बराचसा मजकूर जुळवला. त्या नटाच्या मुलाखतीचा मात्र मधला भाग नाहीच मिळाला, त्या पानावर दुसरं लिहिलं गेलं होतं आणि मुलाखत शेवटच्या आठवड्यातली, जुन्या कुठल्याच कॉपीत नाही. नट अजून आहेत, शेजारच्या गावात, पण आता त्यांना सलग बोलवत नाही.

आमचं एक नशीब असं की या ॲपने मजकूर टेक्स्ट म्हणूनच ठेवला होता, भोवती थोडं एचटीएमएल, म्हणजे वेबपानांत असतात तशा खुणा. काही ॲप्स डेटाबेसच्या आतही मजकूर दाबून ठेवतात, ॲपल नोट्समध्ये नोटचा मजकूर जीझिप केलेला असतो, तिथे तुटलेल्या पानातून असं वाक्य डोळ्यांनी शोधणं जमलंच नसतं. त्यामुळे डेटाबेस की फायली एवढंच विचारून भागत नाही असं माझं मत झालंय. ॲप नसताना, कंपनी नसताना, फाईल अर्धी मेलेली असताना मजकूर वाचता येतो का, हे विचारायला हवं. फायलींचंही तेच. सरांचं पहिलं पुस्तक जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लावलेलं, फाईल अगदी धडधाकट आहे, पण तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली तर सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं, कारण आत साठवलेलं तेच आहे, मराठी फक्त फॉन्टच्या चित्रांत होती. डीटीपीवाल्यांकडे अशा फायलींचे ढीग आहेत आणि लोकल फाईल आहे म्हणून सुरक्षित, असं म्हणणाऱ्याला मी ते ढीग दाखवीन.

भाच्याशी फोनवर बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं की साध्या फायली म्हणजे मागे जाणं, सहाशे फायलींत टॅग नाहीत, नाव बदललं की लिंक तुटते, सेव्ह करताना लाईट गेली तर फाईल शून्य बाइटची होऊ शकते, तेच डेटाबेसमध्ये होत नाही. यातलं प्रत्येक खरं आहे आणि मी ते मान्य केलं. एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतः मोजून दाखवलंय की छोटे छोटे तुकडे वेगवेगळ्या फायलींपेक्षा डेटाबेसमधून ३५ टक्के जलद वाचले-लिहिले जातात. पण सरांना वेग नको होता. फाईलला फाईल असेल तर सिंकचा घोळ झाला तरी एका मुलाखतीच्या दोन आवृत्त्या होतात, दोन्ही वाचता येतात, बाकीच्या पाचशे नव्व्याण्णवना काही होत नाही. इथे दोन मशीनच्या भांडणात सगळंच्या सगळं पणाला लागलं. एका माणसाने वर्षानुवर्षं एकट्याने लिहायच्या मजकुरासाठी मी हाच फरक सगळ्यात मोठा मानते, त्याला दहा सोयी कमी पडल्या तरी चालतील.

शेवटी ठरलं ते असं. सगळा मजकूर डॉट एमडी फायलींत, प्रत्येक मुलाखत एक फाईल, प्रत्येक उत्सवाचं वर्ष एक फाईल, नावात आधी साल म्हणजे आपोआप ओळीने लागतात. नावांत प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा कोलन टाकायचा नाही, विंडोज घेत नाही, सरांना 'दुःखांत' टाइप करताना कोलन मारायची सवय होती ती मोडावी लागली. फोल्डर सिंकमध्ये आहे पण लिहायचं फक्त लॅपटॉपवर, वाचनालयात नुसतं वाचायचं. सिंकला बॅकअप म्हणायचं नाही, कारण इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बॅकअप वेगळा, तारखेच्या नावाची झिप, बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, कारण आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. लॅपटॉपला नवीन बॅटरी घातली. नटावर क्लिक करून वर्षं बघायची सोय गेली त्याचं सरांना खरंच वाईट वाटलं, म्हणून साल, नाटक, भूमिका, नट अशी एक सीएसव्ही, म्हणजे साध्या टेक्स्टमधला तक्ता, केली, त्यात फिल्टर लावून ते काम भागतं, पूर्वीइतकं सुंदर नाही पण भागतं. भाच्याने आता एक छोटा प्रोग्राम लिहिलाय जो या फायली वाचून शोधायला एसक्यूलाइटचा इंडेक्स, म्हणजे शब्दांची सूची, बनवतो. तो बिघडला तर पुसून परत बनवायचा, मूळ मजकुराला धक्का नाही. डेटाबेसची ही जागा मला एकदम पटली. त्यातही एक अडचण आली, एसक्यूलाइटचा नेहमीचा फुल टेक्स्ट सर्च काना-मात्रांना अक्षर धरत नाही, तिथे शब्द तोडतो, त्यामुळे 'नाटक' शोधायला गेलं की 'न' आणि 'टक' असे तुकडे पडायचे. टोकनायझरच्या, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाच्या, सेटिंगमध्ये मात्रांच्या कॅटेगरी वाढवल्यावर शोध नीट चालायला लागला.

जुन्या हँडबिलांचे फोटो ॲपने डेटाबेसच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते म्हणून ते एकूण एक शाबूत आहेत, पण नावं सगळी लांबलचक आकडे-अक्षरांची, आणि कुठला फोटो कुठल्या वर्षाच्या नोटचा हे सांगणारं टेबल अर्धंच वाचलं. ज्या हँडबिलावर साल छापलेलं आहे ती लावून झाली. बाकीची सर दर रविवारी देवळाच्या सभामंडपात दोन-तीन जुन्या मंडळींना दाखवतात, कोणी टाइपावरून ओळखतं, कोणी जाहिरातीतल्या दुकानावरून, कोणी म्हणतं हे तर माझ्या मुंजीच्या वर्षीचं, आणि एकाचं साल दुसऱ्याला मान्य नसलं तर सर दोन्ही सालं फाईलमध्ये लिहून ठेवतात, कोणी काय सांगितलं त्यासकट.